बेअरिंगला टेकायला लाकूड हवं

३ जून २०२०च्या निसर्ग चक्रीवादळात म्हसळ्यातल्या आमच्या परसातला फणस आडवा झाला. बाबांनी लावलेलं झाड. ओंडके चिरून तीन वर्षं माळ्यावर वाळवले आणि देव्हाऱ्यासाठी त्यातून १२ मिलिमीटरच्या फळ्या काढल्या. पिवळंधमक लाकूड. त्यातली सगळ्यात रुंद फळी मी राऊटरने नासवली.

६ मिलिमीटर गोलाईचं बिट लावून एका अंगाची कड गोल केली. सुरेख झाली. फळी उलटवून दुसरं अंग धरलं, तर चार इंचांतच बिट आत घुसलं, यंत्राने हिसडा दिला आणि बोटभर ढलपी उडाली. दोन्ही मुठी घट्ट धरल्या होत्या म्हणून हात वाचला.

बिटाच्या टोकाचं बेअरिंग फळीच्या सरळ कडेला टेकून चालतं. बिट किती आत जायचं ते तेच ठरवतं. पहिल्या वेळी खाली ६ मिलिमीटर सरळ कड होती. दुसऱ्या वेळी तिथे मीच केलेली गोलाई होती. बेअरिंग आत सरकणारच.

दोन्ही अंगं गोल करायची तर १२ मिलिमीटरला ३ मिलिमीटरचं बिट घ्या. मध्ये ६ मिलिमीटर सरळ कड उरते. मोठीच गोलाई हवी असेल, तर सरळ कापलेला जाड प्लाय दोन्हीकडून चिकटणाऱ्या टेपने फळीखाली कडेला कड जुळवून बसवा. बेअरिंग प्लायवरून धावतं, फळीही दाबाने लवत नाही. आमच्याकडे पावसाळ्यात पातळ फळी हमखास बाक धरते, त्यामुळे आधी तिच्यावर सरळ पट्टी ठेवून बघाच. बाकदार फळीवर गोलाई कुठे खोल, कुठे उथळ येते.

कड आपल्यासमोर ठेवून राऊटर डावीकडून उजवीकडे न्यायचा. उलट नेलात तर तो हातातून पुढे पळतो. आधी आडव्या रेषांची तोंडं घ्या, मग लांब बाजू. कोपऱ्यावर उडालेली बारीक कपची लांब बाजू घेताना निघून जाते. पूर्ण खोली एका दमात नको, दोन-तीनदा थोडं थोडं. डोळ्यांवर चष्मा हवा आणि बिट बदलताना प्लग काढलेला हवा, नुसतं बटण बंद करून भागत नाही.

६ मिलिमीटरच्या पट्टीला मी आता राऊटर लावतच नाही. छोटा रंधा तीन-चारदा फिरवतो, मग लाकडी ठोकळ्याला गुंडाळलेला १२० नंबरचा पॉलिश पेपर. नासलेल्या फळीतून देव्हाऱ्याच्या खणाच्या पट्ट्या निघाल्या, त्या अशाच हाताने गोल केल्या आहेत.