नावालाच 'रेअर'!

मागच्या सेमिस्टरला माझ्या रूममेटची हार्ड डिस्क गेली. टाकून देण्याआधी आम्ही ती उघडली, तर आत दोन छोटी, पण जबरदस्त ताकदीची मॅग्नेट्स! सध्या ती आमच्या लोखंडी कपाटावर टाइमटेबल धरून बसली आहेत. एवढ्याशा तुकड्यात एवढा जोर कुठून आला, हे शोधायला गेले आणि या लेखाला विषय मिळाला. (मी कॉन्व्हेंटवाली, मराठी सांभाळून घ्या!)

हे मॅग्नेट निओडायमियम, लोखंड आणि बोरॉनचं असतं. निओडायमियम हे १७ 'रेअर अर्थ' मूलद्रव्यांपैकी एक. पण मित्रांनो, नावावर जाऊ नका. पृथ्वीच्या कवचात निओडायमियम शिशापेक्षा जास्त आहे आणि सेरियम साधारण तांब्याइतकं. मग अडचण कुठे आहे? एक तर ही मूलद्रव्यं एका जागी भरपूर अशी क्वचितच सापडतात. शिवाय ही सगळी भावंडं गुणधर्मांनी इतकी सारखी, की त्यांना वेगळं करायला सॉल्व्हंट एक्स्ट्रॅक्शनच्या शेकडो पायऱ्या लागतात.

जगातला सर्वांत मोठा साठा चीनच्या इनर मंगोलियात, बायान ओबो इथे आहे. १९२७ मध्ये तिथे आधी लोहखनिज सापडलं. त्याच दगडात बास्टनासाइट आणि मोनाझाइट ही रेअर अर्थची खनिजं आहेत, आणि सोबत किरणोत्सारी थोरियमही. हे खनिज बाओटो शहरात नेतात. तिथे ते सल्फ्युरिक ॲसिडबरोबर भाजलं की फ्लोरिनयुक्त विषारी वायू आणि ॲसिडचं सांडपाणी तयार होतं. उरलेला गाळ अनेक दशकं शहराबाहेरच्या प्रचंड तळ्यात साठत गेला. होआंग हो नदी तिथून सुमारे १० कि.मी.वर! तळ्याचं पाणी जमिनीत झिरपलं, आसपासची शेती बिघडली आणि गावकऱ्यांना घरं सोडावी लागली.

दोष एकट्या चीनचा नाही. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या माउंटन पास खाणीची सांडपाण्याची पाइपलाइन १९९० च्या दशकात गळून किरणोत्सारी पाणी वाळवंटात सांडलं होतं. २००२ मध्ये तिथलं खाणकाम थांबलं. तोवर स्वस्त चिनी मालाने बाजार व्यापला होता. तो स्वस्त का, याचं एक उत्तर त्या तळ्यात आहे.

मी केमिकलची. मास बॅलन्स आम्हाला पाठ असतो: जे आत गेलं, ते बाहेर पडलेलं अधिक साठलेलं. परीक्षेत आम्ही बिनधास्त 'स्टेडी स्टेट' धरतो आणि 'साठलेलं' शून्य करून टाकतो. बाओटोचं तळं म्हणजे तीच शून्य केलेली टर्म!

म्हणून पवनचक्क्या किंवा इलेक्ट्रिक गाड्या नकोत, असं मी म्हणत नाही. त्या हव्यातच, आणि त्यांच्यातल्या बऱ्याच मोटर-जनरेटरमध्ये हीच मॅग्नेट्स लागतात. पण मॅग्नेट सहज काढून पुन्हा वापरता येईल असं डिझाइन आणि गाळाचा खर्च धरलेली किंमत, ही दोन्ही कामं उद्या आपल्याच टेबलावर येणार आहेत. तेव्हा ती टर्म शून्य धरू नका, एवढंच सांगायचं होतं.