जुना संगणक आणि नवी विंडोज

मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नियमित आधार बंद केला. संगणक पूर्वीसारखाच चालतो. परंतु सुरक्षेच्या दुरुस्त्या थांबल्यावर जीएसटीची बिले आणि उधारीची खाती असलेले मशीन धोक्यात येते. भूमसारख्या गावात कापडवाला असो वा खव्याचा व्यापारी, प्रश्न एकच : नवे मशीन घ्यावे की जुन्यावरच विंडोज ११ बसवावी?

विंडोज ११ ला किमान ४ जीबी रॅम, ६४ जीबी जागा, टीपीएम २.० ही सुरक्षा सोय आणि इंटेलचा साधारणपणे आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. आधी tीपीएम तपासा. विंडोजचे बटण व आर दाबून 'टीपीएम.एमएससी' इंग्रजीत टाइप करा. कित्येक मशीनमध्ये ही सोय असते, फक्त बायोसमध्ये बंद असते.

तपासणी चुकवूनही विंडोज ११ बसते; मात्र अशा मशीनला पुढील दुरुस्त्या मिळतीलच, याची हमी कंपनी देत नाही. फार जुन्या प्रोसेसरवर तर २०२४ ची आवृत्ती सुरूच होत नाही.

म्हणून क्रम असा ठेवा. हिशेबाची प्रत बाहेरच्या डिस्कवर घ्या व दुसऱ्या संगणकावर उघडून पाहा. नवी प्रणाली वेगळ्या एसएसडीवर बसवा. जुनी डिस्क काढून जपून ठेवा. प्रिंटर, मराठी फाँट आणि हिशेबाचे सॉफ्टवेअर चालले, तरच नव्यावर काम सुरू करा. नाही जमले, तर जुनी डिस्क परत जोडता येते. मशीन बाजारात पुन्हा मिळते, बुडालेली खातेवही मिळत नाही.