नातवंडांना घेऊन कोल्हापूर : दर्शन, गुऱ्हाळ आणि गोडधोड

डिसेंबर-जानेवारीत परदेशातून लेक-जावई आणि नातवंडं आली की एक दिवस कोल्हापूरसाठी राखून ठेवाच. ऊन सोसवतं, मुलांना सुट्टी असते आणि मुख्य म्हणजे गुऱ्हाळं जोरात चालू असतात. पन्हाळा, जोतिबा आणि नृसिंहवाडी यांचा मोह मात्र आज आवरा. त्यांना वेगळा दिवस द्या, नाहीतर सगळा दिवस गाडीत जाईल. आज फक्त शहर आणि एक गुऱ्हाळ.

सोबत काय घ्याल? पाण्याच्या बाटल्या, टोप्या, ओले रुमाल, सुट्टे पैसे, घट्ट झाकणाचा रिकामा स्टीलचा डबा आणि दोन मूठ भाजलेले शेंगदाणे. शेंगदाणे विसरू नका, दुपारी लागणार आहेत.

१. आदल्या संध्याकाळीच कोल्हापुरात मुक्कामाला पोहोचा. पुण्याहून गाडीने पाचेक तास लागतात. पहाटे निघून त्याच दिवशी सगळं उरकू म्हणाल, तर अंबाबाईच्या दर्शनाच्या रांगेतच दुपार होईल. मंगळवार आणि शुक्रवार देवीचे वार, गर्दी जास्त. ते शक्यतो टाळा.

२. रात्रीच उतरलात तिथे विचारून चालू गुऱ्हाळाचा फोन नंबर मिळवा. रस्त्याला पाटी दिसली म्हणजे आज चुलवाण पेटलंय असं नाही.

३. गुऱ्हाळावर फोन करून एवढंच विचारा, “दुपारचं आदण किती वाजता उतरणार?” काहिलीत, म्हणजे मोठ्या कढईत, रस पडल्यापासून गूळ उतरेपर्यंत अडीच-तीन तास जातात. तुम्हाला हवा आहे तो शेवटचा पाऊण तास. ही वेळ कागदावर लिहा आणि बाकीचा दिवस तिच्याभोवती बसवा.

४. पहाटे सहाच्या आत बिंदू चौकाच्या वाहनतळावर गाडी लावा. मंदिराच्या दाराशी गाडी नेण्याचा हट्ट नको, तिथून चालत अगदी जवळ आहे.

५. मोबाईल बंद करून गाडीतच ठेवा. कपडे अंगभर हवेत. मुलांच्या अर्ध्या चड्ड्या निघण्याआधी हॉटेलवरच बदलून घ्या.

६. अंबाबाईच्या दर्शनाला रांगेत उभे राहा. आजी-आजोबांना फार वेळ उभं राहवत नसेल तर त्यांना मुखदर्शनाकडे न्या. आणि वेगळे होण्याआधी भेटायची जागा ठरवा, कारण मोबाईल कुणाकडेच नाही.

७. दर्शन झालं की मंदिराला बाहेरून एक संथ प्रदक्षिणा घाला. भिंतींवरच्या वादक आणि नर्तिका मुलांना शोधायला सांगा. कुणाच्या हातात कुठलं वाद्य, एवढा खेळ पुरतो.

८. प्रसादाचा लाडू घ्या. दिवसाचं पहिलं गोड हेच. एक लाडू दोघांत. पुढे बरंच यायचंय.

९. भवानी मंडपातून रमतगमत गाडीकडे परता. चप्पल लाईन वाटेतच खुणावेल, पण खरेदी आता नको. नवी कोल्हापुरी पहिल्या दिवशी चावते आणि आज चालायचं आहे.

१०. मिसळ खा. शिवाजी उद्यमनगरातली फडतरे मिसळ प्रसिद्ध आहे. मुलांसाठी कट वेगळा मागा, वर दही घाला आणि पाव भरपूर द्या. थेट रस्सा ओतलात तर पुढचा तासभर पोरांचे डोळे पुसत बसाल.

११. न्यू पॅलेसचं संग्रहालय उघडलं की लगेच आत शिरा. त्या दिवशी चालू आहे ना, हे मिसळ खातानाच फोनवर विचारून घ्या. आत फोटो काढू देत नाहीत. पेंढा भरलेल्या वाघांपाशी मुलं रेंगाळतील, रेंगाळू द्या. दरबार हॉलमध्ये रंगीत काचांवर शिवचरित्रातले प्रसंग आहेत. तिथे आजोबांना सांगायला पुढे करा.

१२. बाराच्या सुमारास जेवून घ्या. तांबडा रस्सा मोठ्यांना, पांढरा लहानांना. जेवणावर गोड काही मागवू नका, जीभ गुऱ्हाळासाठी राखा.

१३. हॉटेलवर येऊन तासभर आडवे व्हा. लांबच्या विमानप्रवासाने मुलांची झोप उलटीपालटी झालेली असते. हा तास गाळलात तर संध्याकाळी रडारड ठरलेली.

१४. आदणाच्या वेळेआधी तासभर निघा. पन्हाळ्याच्या रस्त्याला शिवाजी पुलावरून पंचगंगा ओलांडली की दोन्ही बाजूंना ऊस लागतो. मुलांना खिडकीशी बसवा. उसाच्या गाड्यांमागे अडकलात तर ओव्हरटेकची घाई नको.

१५. गुऱ्हाळघरात शिरण्याआधी प्रत्येक लहान मुलाचा हात एका मोठ्याच्या हातात द्या. काहील जमिनीच्या जवळ असते आणि आतला रस खळखळ उकळत असतो. इथे धावणं नाही, सेल्फी नाही. सगळ्या दिवसातली सर्वांत महत्त्वाची सूचना हीच.

१६. घाण्याचा ताजा रस प्या. बर्फ घालू नका, रस तसाच गोड लागतो. अर्धा पेला पुरे.

१७. आता काहिलीपासून दोन पावलं मागे उभे राहून मळी काढताना बघा. रसात भेंडीचं पाणी घातलं की घाण फेसाबरोबर वर येते आणि गुळव्या ती झाऱ्याने काढत राहतो. हिरवट गढूळ रस हळूहळू मधासारखा होत जातो. इथे मुलं आपोआप गप्प होतात.

१८. काकवी मागा. गुळाच्या थोडं आधी पाक पातळ असतानाच ती काढतात, म्हणून उशीर केलात तर हुकली. वाटीत निवू द्या आणि मगच चाखा. गरम काकवी जिभेला चिकटून भाजते.

१९. गुळव्या पाकाचा थेंब गार पाण्यात टाकतो, तेव्हा त्याच्या बोटांकडे बघा. थेंबाची गोळी वळली आणि ती आपटल्यावर टण्ण वाजली, की गूळ झाला. ती गोळी मुलाच्या हातात द्यायची विनंती करा, बहुतेक गुळवे हसत देतात.

२०. काहील वाफ्यात, म्हणजे गूळ निववायच्या पसरट हौदात, ओततील तेव्हा आणखी मागे सरा. पाक उसळतो.

२१. वाफ्यातला गूळ घट्ट होत आला की थोडा मागून घ्या, त्यात शेंगदाणे दाबा आणि कोमट झाल्यावर खा. माझ्या मते आख्ख्या दिवसात याला तोड नाही. पाचशे रुपयांची मिठाई यापुढे फिकी.

२२. घरासाठी एक-एक किलोच्या ढेपा घ्या. पिवळ्याधमक रंगाला भुलू नका, तांबूस-तपकिरी गूळ निवडा. काकवी तुमच्या डब्यात भरून घ्या आणि डबा गाडीत उभाच ठेवा.

२३. सूर्यास्ताआधी, म्हणजे साधारण साडेपाचला, रंकाळा तलावावर पोहोचा. काठाने चाला. गुळानंतर तिखट हवंच, तेव्हा चौपाटीवर भेळ घ्या. मुलांची भेळ बिनमिरचीची सांगा, आणि ती तिखट-चटणी घालण्याआधीच सांगा.

२४. परतताना गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर थांबा. समोर म्हशीची धार काढताना मुलांना दाखवा. कोल्हापूरकर ते दूध धारोष्णच पितात, पण परदेशातून आलेल्या पोटांना कच्चं दूध देऊ नका.

२५. शेवट कॉकटेल आइस्क्रीमने करा. सोळंकींचं नाव गावभर आहे. यात आइस्क्रीम, फळं आणि सुकामेवा असतो, दारू नाही, त्यामुळे आजींनाही बिनधास्त द्या. दोघांत एक पेला मागवा.

२६. झोपण्याआधी सामान वेगळं करा. काकवी विमानात हातातल्या बॅगेत नेता येणार नाही, १०० मिलीची मर्यादा आहे. ती दुहेरी पिशवीत बांधून चेक-इन सामानात टाका. पेढे-बर्फीसारखी दुधाची मिठाई कित्येक देशांत नेऊ देत नाहीत. ती इथेच संपवा. गुळाची ढेप न्यायची असेल तर त्या देशाचे नियम आधी बघा आणि उतरल्यावर कस्टम्सच्या अर्जात ती नक्की लिहा.