फोनवरील डॉक्टरांना दुखणे सांगताना

हल्ली आपल्या समा भागात घरोघरी मोबाईल फोन आहे, आणि त्यावरून डॉक्टरांचा सल्ला घेण्याची पद्धतही हळूहळू रुळू लागली आहे. ताप, खोकला, पित्त, अंगावरची खाज, झोप न लागणे अशा रोजच्या तक्रारींसाठी दवाखान्याच्या रांगेत अर्धा दिवस घालवण्यापेक्षा फोनवर विचारून घेणे शेतकऱ्याला सोयीचे वाटते. ज्यांचे घर समाला आणि शेत सावलीच्या वाटेवर, त्यांचा एक दिवस दवाखान्यात गेला म्हणजे एक पाण्याची पाळी चुकली असेच समजावे. या सोयीबद्दल आम्हांला वारंवार विचारणा होते. ती विश्वासाची आहे काय? फुकट म्हणतात ते खरे काय? फोनवर मिळालेली चिठ्ठी औषधाच्या दुकानात चालते काय? सबब या खेपेस पिकांचा विषय बाजूस ठेवून हाच विषय घेत आहोत.

दुरून वैद्यकीय सल्ला देण्याचे प्रयोग आपल्या देशात तसे जुने आहेत. २००० साली आंध्र प्रदेशातील अरगोंडा या खेड्यातले रुग्णालय उपग्रहाच्या साहाय्याने शहरातील तज्ज्ञांशी जोडले गेले होते. परंतु नियम मोघम होते, आणि मोघम नियमांचा त्रास डॉक्टर व रोगी दोघांनाही होतो. रत्नागिरीचे प्रकरण पुष्कळांनी ऐकले असेल. बाळंतपणाच्या शस्त्रक्रियेनंतर घरी गेलेल्या एका स्त्रीची प्रकृती बिघडली, तिला पुन्हा रुग्णालयात आणले, तेव्हा डॉक्टर जागेवर नव्हते व उपचार फोनवरून सांगितले गेले. ती स्त्री दगावली. जुलै २०१८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्या डॉक्टरांना अटकपूर्व जामीन नाकारला. हा दोष सिद्ध झाल्याचा निकाल नव्हता, हे ध्यानात घ्यावे. तथापि त्यानंतर फोनवर औषध सांगण्यास अनेक डॉक्टर कचरू लागले.

कोरोनाच्या साथीने हा प्रश्न निकडीचा केला. २५ मार्च २०२० रोजी, म्हणजे देशभर टाळेबंदी सुरू झाली त्याच दिवशी, केंद्र सरकारने दूरवैद्यकीय सल्ल्याचे नियम जाहीर केले. नोंदणी झालेल्या डॉक्टरांना फोनवर वा चित्रफोनवर सल्ला देण्याची रीतसर मुभा त्यामुळे मिळाली. डॉक्टरांनी आपले नाव सांगावे, चिठ्ठीवर नोंदणी क्रमांक घालावा, रोग्याचे वय विचारून घ्यावे, आणि फोनवर भागणार नाही असे वाटल्यास प्रत्यक्ष येण्यास सांगावे, असे त्यांत आहे. तापाची साधी गोळी, जुलाबावरील क्षार-साखरेची पुडी अशी औषधे नुसत्या आवाजावरूनही सांगता येतात. काही औषधांसाठी पहिल्या वेळी रोग्याला चित्रफोनवर पाहणे आवश्यक आहे. नशा आणणारी औषधे मात्र या मार्गाने लिहून देता येत नाहीत. म्हणून फोनवरच्या डॉक्टरांनी अमुक गोळी दिली नाही तर रागावू नये. त्यांचे हात नियमाने बांधलेले असतात. नियमाप्रमाणे लिहिलेली चिठ्ठी दुकानात चालते.

सरकारी सोयीचे नाव ई-संजीवनी. मोहालीच्या सी-डॅक या सरकारी संस्थेने ती तयार केली. नोव्हेंबर २०१९ मध्ये तिचा आरंभ झाला आणि एप्रिल २०२० पासून घरबसल्या सल्ला मिळू लागला. फेब्रुवारी २०२३ पर्यंत तिच्यावरील सल्ल्यांची संख्या १० कोटींच्या वर गेली होती. सल्ल्याचे पैसे पडत नाहीत. फोनवर नाव नोंदवले की एक आकडा संदेशाने येतो, तो भरला की क्रमांक मिळतो, पाळी आली की डॉक्टर पडद्यावर दिसतात, आणि बोलणे संपल्यावर चिठ्ठी फोनवरच येते. ज्यांना हे जमत नाही त्यांनी आयुष्मान आरोग्य मंदिरात, म्हणजे आपल्या जुन्या उपकेंद्रात जावे. तेथील आरोग्य अधिकारी वजन, ताप व रक्तदाब पाहून मग मोठ्या डॉक्टरांशी गाठ घालून देतात. आमच्या मते वयस्कर माणसांना ही दुसरी वाटच अधिक बरी, कारण तेथे निदान कोणाचा तरी हात मनगटाला लागतो.

आता मुख्य गोष्टीकडे वळू. शेतकरी बंधूंना किसान कॉल सेंटर ठाऊक आहे. जानेवारी २००४ पासून ते चालू आहे. तेथे फोन करताना आपण काय सांगतो? कपाशी कोणत्या जातीची, लावून किती दिवस झाले, पान वरून पिवळे की शिरांमधून, पाणी कधी दिले, शेवटची फवारणी कशाची. सगळे अगदी मोजून सांगतो, कारण समोरच्याला शेत दिसत नाही हे आपणांस माहीत असते. तोच मनुष्य स्वतःच्या दुखण्याबद्दल डॉक्टरांना सांगतो, "अंगात कसकस आहे, बरे वाटत नाही." डॉक्टर पडद्यावर चेहरा पाहतात म्हणून त्यांना सारे दिसते असा आपला समज होतो. वास्तविक त्यांना पोट चाचपता येत नाही, छातीला नळी लावता येत नाही, जिभेचा खरा रंगही कळत नाही. त्यांना फक्त आपले सांगणे मिळते. आणि शेतकऱ्याच्या सांगण्यात बहुधा एक गोष्ट राहून जाते, ती म्हणजे त्याचे काम.

डोके दुखते, मळमळते, घाम सुटला आहे, अशी तक्रार उन्हाळ्यात कोणी केली तर शहरातील डॉक्टरांच्या मनात ऊन किंवा पित्त येणे स्वाभाविक आहे. परंतु त्या माणसाने सकाळी तीन टाक्या कीटकनाशक फवारले असेल तर? तोंडाला लाळ सुटणे, डोळ्यांतून पाणी येणे, डोळ्यांची बाहुली टाचणीच्या टोकाएवढी होणे, स्नायू फडफडणे ही विषबाधेची लक्षणे आहेत. यवतमाळ जिल्ह्यात २०१७ च्या पावसाळ्यात कपाशी डोक्याएवढी वाढली, तीत शिरून फवारणी करणाऱ्यांपैकी वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर प्राणांस मुकले आणि शेकडो लोकांना रुग्णालयात ठेवावे लागले. फवारणीनंतर बरे वाटेनासे झाले तर फोनवर रांग लावत बसू नये. कपडे उतरवावेत, साबणाने अंग धुवावे, आणि औषधाचा डबा वा त्यावरील कागद बरोबर घेऊन थेट रुग्णालय गाठावे. डब्यावरील त्रिकोण पाहून ठेवावा: लाल सर्वांत जहाल, त्याखालोखाल पिवळा, मग निळा, आणि हिरवा सर्वांत सौम्य. कोणते विष पोटात गेले हे कळले की डॉक्टरांचा वेळ वाचतो.

दुसरे उदाहरण तापाचे. २०२४ च्या ऑगस्टअखेर विश्वामित्रीचे पाणी धोक्याच्या पातळीच्या पुष्कळ वर, ३५ फुटांच्याही पुढे गेले. आपल्या समा भागातही पाणी शिरले, हे कोणास सांगायला नको. अशा पाण्यात उंदीर, गुरे, कुत्री यांची लघवी मिसळते आणि पायाच्या भेगांतून लेप्टोस्पायरोसिसचे जंतू अंगात जातात. ताप साधारण एक-दोन आठवड्यांनी येतो, तोवर पाणी ओसरून गेलेले असते आणि मनुष्य पुराची गोष्ट विसरलेला असतो. पोटऱ्या विलक्षण दुखतात, डोळे लाल होतात. पुढे कावीळ दिसू लागते किंवा लघवी कमी होते. लवकर ओळखले तर साध्या प्रतिजैविकांनी हा रोग आटोक्यात येतो, उशीर झाला तर मूत्रपिंडांवर जातो. दक्षिण गुजरातेत सुरत, नवसारी, वलसाडकडे भात व उसाच्या शेतात राबणाऱ्यांना तो पावसाळ्यात गाठतो. म्हणून पावसाळी तापासाठी फोन केला की डॉक्टरांनी विचारो वा न विचारो, "दहा दिवसांपूर्वी मी गुडघाभर पाण्यात काम केले" हे वाक्य आपण होऊन सांगावे. एवढ्या एका वाक्याने रक्ताची कोणती तपासणी करायची हे ठरते.

तिसरे उदाहरण आम्हांला सर्वांत भीतीचे वाटते, कारण ते अगदी साध्या तक्रारीचे रूप घेऊन येते. मळ्यात राखणीला जमिनीवर झोपलेला मनुष्य पहाटे पोटदुखीने जागा होतो. कोठे चावल्याची खूण नाही, सूज नाही, आग नाही. घरचे म्हणतात रात्रीचे जेवण बाधले. परंतु मण्यार, जिला येथे काळोतरो म्हणतात, ती रात्री अंथरुणात शिरून चावते आणि तिचा दंश पुष्कळदा दुखतही नाही. थोड्या वेळाने पापण्या जड होऊन मिटू लागतात, शब्द अडखळतात, गिळता येत नाही, शेवटी श्वास थांबतो. जमिनीवर झोपलेल्या माणसाची पहाटेची पोटदुखी आणि त्याबरोबर मिटू लागलेल्या पापण्या, एवढे दिसले की १०८ ला फोन करावा. पट्टी आवळू नये, चिरा देऊ नये, भुव्याकडे नेण्यात वेळ दवडू नये. सर्पविषावरील लस रुग्णालयातच मिळते, आणि श्वास थांबला तर कृत्रिम श्वासाचे यंत्रही तेथेच असते.

गुजरातेत १०८ ची रुग्णवाहिका २००७ पासून आहे. छातीत दाबल्यासारखे होऊन घाम येणे, एकाएकी तोंड वाकडे होणे वा हातापायातील शक्ती जाणे, धाप, गरोदरपणात रक्त जाणे, दूध न पिणारे व निपचित पडलेले मूल, या गोष्टी फोनवरील डॉक्टरांना विचारण्याच्या नव्हेतच. अर्धांगवायूत रक्ताची गाठ विरघळवणारे औषध पहिल्या साडेचार तासांतच द्यावे लागते. त्यातला एक तास "आधी विचारून तर पाहू" यात जाऊ देऊ नये. आपणांस सयाजी रुग्णालय जवळ आहे, गोत्रीचे सरकारी रुग्णालयही आहे. खेड्यातल्या आपल्या नातलगांना हे भाग्य नाही, त्यांना हा मजकूर वाचून दाखवावा.

आता स्त्रियांबद्दल थोडे. घरातला फोन बहुधा मुलाच्या हातात असतो. आई मराठी बोलते, डॉक्टर गुजराती, आणि मधे मुलगा दुभाषी. खोकल्यापुरते हे ठीक आहे. पण पाळीची तक्रार, अंगावरून जाणे, स्तनातील गाठ, लघवीची जळजळ हे ती मुलासमोर कसे सांगणार? ती म्हणते कंबर दुखते, आणि कंबरेच्या गोळ्या घेऊन उठते. अशा वेळी फोन जोडून द्यावा व मुलाने बाहेर जावे. जवळ बसायचेच तर सुनेने किंवा शेजारच्या बाईने बसावे. डॉक्टर स्त्री असावी अशी इच्छा असेल तर तीही सांगावी, त्यात लाजण्यासारखे काही नाही.

त्वचेच्या तक्रारी फोनवर बऱ्याच निभावतात, मात्र फोटो दिवसाच्या उजेडात काढावा आणि आधी काय लावले ते लपवू नये. नायट्यावर दुकानदाराने दिलेले स्टेरॉईडमिश्रित मलम चार दिवस आराम देते, नंतर नायटा दुप्पट पसरतो व त्याचे रूप इतके बदलते की फोटोवरून ओळखणे अवघड होते. मलमाची नळी टाकून न देता डॉक्टरांना दाखवावी. तसेच ताप "हाताला लागतो" असे न सांगता तापमापीचा आकडा सांगावा. पन्नास-साठ रुपयांत नव्हे, पण एका फवारणीच्या औषधाहून पुष्कळ कमी खर्चात तापमापी घरात येते.

काही तरुण मंडळी डॉक्टरांऐवजी फोनमधील यंत्रबुद्धीलाच लक्षणे विचारतात आणि आलेले उत्तर वडीलधाऱ्यांना वाचून दाखवतात. शब्दांचा अर्थ समजून घेण्यास ते ठीक असेल. पण २०२० च्या नियमांनी यंत्रबुद्धीवर चालणाऱ्या सोयींना रोग्यास सल्ला देण्याची वा औषध लिहून देण्याची परवानगी दिलेली नाही. तेथे चूक झाली तर जबाब देणारा कोणी नसतो. डॉक्टर खरे की तोतये याचा संशय आला तर नोंदणी क्रमांक मागावा आणि गुजरातच्या वा महाराष्ट्राच्या मेडिकल कौन्सिलच्या नोंदीशी ताडून पाहावा. खरा डॉक्टर क्रमांक सांगण्यास कां कू करीत नाही. अनोळखी क्रमांकावर आधी पैसे पाठवा असे कोणी म्हणेल तर तेथेच फोन ठेवावा.

रात्री झोप न येता दुखण्यांची माहिती फोनवर शोधत बसणारेही आमच्या पाहण्यात आहेत. दर पानावर त्यांना नवा असाध्य रोग सापडतो. पुष्कळदा मुळाशी कर्ज असते, मुलीचे लग्न असते, गेलेले पीक असते. त्यांच्यासाठी ऑक्टोबर २०२२ पासून टेली-मानस ही सोय आहे. क्रमांक १४४१६, दिवसरात्र चालू, पैसे लागत नाहीत. जीव नकोसा झाल्याचे विचार मनात येत असतील तर तेथे तेही उघड बोलता येते. असे कोणी आपल्या घरात असेल तर फवारणीची औषधे कुलपात ठेवावीत आणि किल्ली दुसऱ्याने सांभाळावी.

शेवटची सूचना चिठ्ठीबद्दल. फोनवर आलेली चिठ्ठी फोन बिघडला की जाते, म्हणून ती छापून घ्यावी किंवा वहीत उतरवून ठेवावी. त्याखाली तारीख, तापाचा आकडा, रक्तदाब, आणि त्या आठवड्यात शेतात केलेले काम दोन ओळींत लिहावे. त्याच तक्रारीसाठी पुन्हा फोन करण्याची वेळ येऊ शकते. तेव्हा डॉक्टर बहुधा दुसरेच असतात, त्यांना ही वही वाचून दाखवावी.