वेब सर्व्हरमधील हेडर-त्रुटी आणि बाह्यतेचा प्रश्न

ब्राउझर जेव्हा वेब सर्व्हरकडे एखादे पान मागतो, तेव्हा मागणीसोबत भाषा, ब्राउझरचा प्रकार इत्यादी नोंदी पाठवितो. त्यांना हेडर म्हणतात. हेडर लिहिणारा बाहेरचा असतो. त्याने लिहिलेला मजकूर सर्व्हरने विश्वासार्ह मानला, तर हेडरद्वारे घुसखोरी शक्य होते. 18 जुलै 2016 रोजी जाहीर झालेली ‘एचटीटीपॉक्सी’ ही त्रुटी याचे बोलके उदाहरण आहे.

सर्व्हर आणि त्यामागील प्रोग्राम यांना जोडणाऱ्या सीजीआय पद्धतीत प्रत्येक हेडरच्या नावाआधी ‘एचटीटीपी’ हा उपसर्ग लावून तो प्रोग्रामच्या स्वाधीन केला जातो. त्यामुळे ‘प्रॉक्सी’ नावाचा हेडर ‘एचटीटीपी_प्रॉक्सी’ होतो. दुर्दैवाने, बाहेर जाणारी विचारणा कोणत्या मध्यस्थ संगणकामार्फत पाठवावी, हे ठरविण्यासाठी अनेक प्रोग्राम नेमके याच नावाची नोंद पाहतात. समजा, शिष्यवृत्तीचे संकेतस्थळ अर्जदाराच्या माहितीची दुसऱ्या कार्यालयाच्या सर्व्हरकडून खातरजमा करून घेते. हल्लेखोराने ‘प्रॉक्सी’ हेडरमध्ये स्वतःचा पत्ता धाडला, की ही अंतर्गत विचारणा, ती सांकेतिक रूपात नसल्यास, त्याच्याच संगणकावरून जाऊ शकते. तो ती वाचू शकतो, उत्तरही बदलू शकतो. येथे दोन्ही संकेत स्वतंत्रपणे निर्दोष आहेत. दोष त्यांच्या संयोगात आहे.

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने खरे तर पुढील भागाकडे लक्ष द्यावे. हा धोका 2001 मध्येच पर्ल भाषेच्या एका लायब्ररीत आढळला आणि दूर केला गेला. त्याच वर्षी ‘कर्ल’ने, 2012 मध्ये रुबीने आपली व्यवस्था केली. प्रत्येकाने आपल्या घरापुरती कडी लावली. तरीही 2016 मध्ये पीएचपी, गो, अपाची आणि टॉमकॅट यांच्यासाठी या एकाच दोषाचे स्वतंत्र सीव्हीई क्रमांक नोंदवावे लागले. उपाय किती खर्चिक होता? सर्व्हरने ‘प्रॉक्सी’ हेडर आत येताच काढून टाकावा, एवढाच. अपाचीमध्ये त्यासाठी एक ओळ पुरते.

इतक्या स्वस्त उपायास 15 वर्षे लागावीत, याचे कारण तांत्रिक नाही. त्रुटीचे ज्ञान ही सार्वजनिक वस्तू आहे. शोधाचा खर्च एकाचा, लाभ सर्वांचा; म्हणून ते इतरांपर्यंत पोहोचविण्याची प्रेरणा अपुरी पडते. शिवाय सर्व्हरचालकाच्या हलगर्जीची किंमत बहुधा त्याला नव्हे, तर नागरिकाला मोजावी लागते. हीच नकारात्मक बाह्यता होय.

भारतात जानेवारी 2004 पासून कार्यरत असलेल्या ‘सर्ट-इन’ या संस्थेस माहिती तंत्रज्ञान कायद्यात 2008 च्या दुरुस्तीने आलेल्या कलम 70-ब ने वैधानिक स्थान दिले. त्रुटीविषयक टिपणे प्रसृत करणे हे या कलमानुसार तिचे एक कार्य आहे. 28 एप्रिल 2022 च्या निर्देशांनी सायबर घटनेची माहिती 6 तासांत कळविण्याचे बंधन घातले. उत्तर लिहिताना मात्र ‘घटना’ आणि ‘त्रुटी’ यांत गल्लत होऊ देऊ नये: 6 तासांचे बंधन घटनेला लागू आहे; कोणाचेही नुकसान होण्यापूर्वी हाती आलेल्या त्रुटीच्या ज्ञानाला नाही.