गाडी बघायला जाण्याआधी

परतवाडा,
बुधवार, रात्र

चि. बाळास,


फोनवर मी बोलत असतो, तू "हो मामा, हो मामा" म्हणत असतोस, आणि धारणीची रेंज गेली की निम्मं बोलणं हवेत राहतं. म्हणून आज लिहायला बसलो. परवा तू म्हणालास, रविवारी नागपूरला जातो, एक गाडी पसंत आहे, इसार देऊन येतो. जाण्याआधी हे पत्र पुरतं वाच.

आसेगावच्या अलीकडे त्या रात्री रोही आडवा आला, तू गाडी वावरात घातलीस आणि ती धुऱ्यावरच्या बाभळीवर बसली. दुसऱ्या दिवशी मी ती गाडी पाहिली. इंजिन डॅशबोर्डपर्यंत आत आलं होतं. स्टिअरिंगवर रिकामी झालेली एअरबॅग लोंबत होती. एकतीस वर्षं एसटीच्या डेपोत काढली, अपघाताच्या गाड्या खूप पाहिल्या, पण त्या पांढऱ्या कापडाला हात लावला तेव्हा मला खाली बसावं लागलं. तुझ्या आईला हे मी सांगितलेलं नाही. तूही सांगू नकोस.

तर पहिली गोष्ट त्या जुन्या गाडीचीच. नव्या गाडीचं नंतर.

दुरुस्तीचा खर्च विम्यात धरलेल्या किमतीच्या, म्हणजे आयडीव्हीच्या, ७५ टक्क्यांवर गेला की कंपनी गाडी टोटल लॉस धरते. तुझी गाडी त्यात बसली. आता तुझ्यापुढे दोन वाटा आहेत. एक, सांगाडा कंपनीकडे सोपवायचा आणि पूर्ण रक्कम घ्यायची. दुसरी, सांगाड्याची किंमत वजा करून उरलेली रक्कम घ्यायची आणि सांगाडा आपणच विकायचा. त्या भंगारवाल्या एजंटाने तुला म्हणे सांगितलं की आरसी बुक तसंच दिलं तर पंचवीस हजार जास्त देतो. बाळा, लोखंडाला पंचवीस हजार कोणी जास्त देत नाही. ते पैसे कागदाचे आहेत. तुझ्या गाडीचा नंबर आणि चॅसी नंबर उद्या त्याच रंगाच्या चोरीच्या गाडीवर चढेल. नाहीतर दोन मोडक्या गाड्यांची अर्धी-अर्धी अंगं जोडून एक उभी राहील आणि तिला तुझे कागद लागतील. वाहन खात्याच्या दप्तरात मालक म्हणून तूच राहशील. त्या गाडीने कोणाला उडवलं तर नोटीस धारणीला तुझ्या दारात येईल. नोंदलेला मालक तोच जबाबदार मालक, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्टच सांगितलेलं आहे.

मोटार वाहन कायद्याचं कलम ५५ आहे. गाडी कायमची निकामी झाली की मालकाने १४ दिवसांत आरटीओला कळवून आरसी जमा करायची. अमरावतीला जा, नोंदणी रद्द करून घे, त्याचा कागद हातात घे, आणि मगच सांगाड्याला कोणाचा हात लागू दे. ज्या गाडीने तुला जिवंत बाहेर काढलं, ती उद्या दुसऱ्या कोणाच्या लेकराखाली लांबी भरून, रंग मारून धावता कामा नये. पंचवीस हजार कमी पडले तर मी देतो.

हे आधी सांगितलं याला कारण आहे. तू जी गाडी बघायला चाललास, तीसुद्धा अशाच कोणाची मेलेली गाडी असू शकते.

तुला माहीत नसेल, २००६ मध्ये मी एक व्हॅन घेतली होती. तुझ्या ताईचं लग्न तोंडावर आलेलं, पाहुण्यांची ने-आण, आणि घरी नुसती स्कूटर. एका मोठ्या शहरातल्या दलालाकडून घेतली. मी मिस्त्री माणूस, इंजिन कान लावून ऐकलं, धूर पाहिला, तेल पाहिलं, सगळं ठीक. पैसे मोजले आणि घेऊन आलो. पहिली झडी लागली आणि गाडीत कुबट वास सुटला. मग कधी हॉर्न बंद, कधी दिवे बंद. दिवाळीनंतर सीट काढून खालचा गालिचा उचलला तर लोखंडाच्या खाचेत वाळलेला गाळ, आणि वायरींच्या जोडांवर हिरवा गंज चढलेला. ती गाडी २६ जुलै २००५ च्या मुंबईच्या पुरात बुडालेली होती. मी इंजिन पाहिलं, कारण मला इंजिन येत होतं. गालिचा उचलला नाही, कारण लग्नाला वीस दिवस उरले होते. त्या गाडीने माझे लग्नखर्चाइतके पैसे खाल्ले. पण पैशापेक्षा एक गोष्ट जास्त लागली. ती विकताना माझ्याही मनात एकदा आलं की समोरच्याला सांगू नये. शेवटी सांगितलं, भंगाराच्या भावात दिली, आणि त्या रात्री झोप लागली.

तू नागपूरची गाडी म्हणतोस म्हणून सांगतो. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी ओसंडला आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांत दारात उभ्या असलेल्या गाड्या पाण्याखाली गेल्या. त्यातल्या काही दुरुस्त होऊन पुन्हा बाजारात आल्या असणारच. नागपूरची प्रत्येक गाडी बुडालेली असते असं मी म्हणत नाही. पण बघायला जाशील तेव्हा सीटबेल्ट पूर्ण शेवटपर्यंत ओढून बाहेर काढ. रोज वापरात न येणारा जो आतला भाग असतो, त्यावर पाण्याची रेघ राहते. ती कोणी धुवत नाही. डिक्कीतली स्टेपनी उचल आणि तिच्या खालच्या खोलगट भागात हात फिरव. सीटच्या रुळांवर गंज आहे का बघ. कॉन्फरन्सला चालल्यासारखा इस्त्रीचा शर्ट घालून जाऊ नकोस, गाडीखाली झोपावं लागेल.

अपघाताची गाडी ओळखणं त्याहून सोपं आहे, घाई नसेल तर. आपल्या परतवाड्याच्या लाकूड डेपोवर सागाचे लिलाव तू लहानपणी पाहिलेस. घेणारा वरची साल बघत नाही. ओंडक्याच्या कापलेल्या तोंडाशी वाकतो, ठोकून आवाज ऐकतो, आत पोकळी आहे का बघतो. गाडीचंही तसंच. दाराचा पत्रा बोटाच्या पेराने ठोक. कोऱ्या पत्र्याचा आवाज खणखणीत येतो, लांबी भरलेल्या जागी तो बसका येतो. बोनेट उघड आणि ते जिथे बिजागरीला बसतं त्या बोल्टांकडे बघ. रंग तडकलेला असेल, पान्याच्या खुणा असतील, तर बोनेट एकदा तरी खाली उतरलेलं आहे. एकटं बोनेट बदललं असेल तर घाबरायचं कारण नाही, आपल्याकडे गुरं-डुकरं आडवी येतातच. पण दाराचं रबर खाली ओढ आणि खांबाच्या कडेचे वेल्डिंगचे ठिपके बघ. कंपनीचे ठिपके गोल आणि सारख्या अंतरावर असतात. तिथे ओबडधोबड रेघ दिसली की परत फीर. किंमत किती कमी करता, हेसुद्धा विचारू नकोस.

आणि एअरबॅग. हे मी दोनदा लिहिलं असतं. एकदा उघडलेली एअरबॅग पुन्हा घडी घालून बसवता येत नाही, नवीन घ्यावी लागते आणि ती महाग असते. त्यामुळे अपघाताची गाडी स्वस्तात उभी करणारा माणूस आत रिकामी जागा ठेवून वरून नुसतं झाकण चिकटवतो. चावी फिरवली की डॅशबोर्डवर एअरबॅगचा दिवा लागला पाहिजे आणि काही सेकंदांनी विझला पाहिजे. लागून राहिला तर बिघाड आहे. मुळीच लागला नाही तर त्याहून वाईट, कारण कोणीतरी तो मुद्दाम बंद केलेला आहे. म्हणून गाडी कंपनीच्या वर्कशॉपमध्ये नेऊन स्कॅनरवर लावल्याशिवाय इसार द्यायचा नाही. विकणारा "एवढं काहून करता?" म्हणाला तर तिथेच चहा पिऊन उठायचं.

सालाचा विचारही त्यावरूनच कर. आपल्याकडे चालकाची एअरबॅग सगळ्या नव्या गाड्यांना सक्तीची झाली जुलै २०१९ पासून, आणि शेजारच्या सीटची २०२१ अखेर. तुझ्या शेजारी सूनबाई बसते. २०२२ ची छोटी गाडी आणि २०१७ ची मोठी गाडी एका किमतीत मिळत असेल तर मी छोटी घेईन. मोठ्या गाडीचा तुझा हट्ट मला कळतो, पण तो लोकांनी बघावं म्हणून आहे.

डिझेलचं मनातून काढ. तुझा रस्ता घटांग, सेमाडोह, हरिसाल. चढ-उतार, वळणं, व्याघ्र प्रकल्पातून हळू चालणं, आणि तेही आठवड्यातून एकदा येणं-जाणं. एप्रिल २०२० नंतरच्या डिझेल गाड्यांच्या धुराच्या वाटेत काजळी अडवणारी गाळणी असते. ती साफ व्हायला गाडी लांब पल्ल्यावर एका चालीने पळावी लागते. तुझ्या वापरात ती तुंबत राहील. आणि दिल्लीकडून येणाऱ्या स्वस्त डिझेल गाड्यांचा तो दुसरा पर्याय तू बोललास, त्याचं कारण समजून घे: तिकडे दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर बंदी आली होती, म्हणून त्या बाहेर ढकलल्या गेल्या. इथे आणल्यावर ना-हरकत दाखला, महाराष्ट्राचा कर, नवा नंबर, आणि वर गाडी दमलेली. बैतूलची गाडी आपल्याला जवळची वाटते, पण कागदाच्या दृष्टीने तीही परराज्याचीच. एमएच २७, एमएच ३०, फार तर नागपूरचे नंबर, यातच बघ. पेट्रोलची, सगळीकडे दिसणारी गाडी घे, जिची क्लच प्लेट परतवाड्यात संध्याकाळपर्यंत मिळते. सेमाडोहच्या पुढे गाडी बंद पडली तर तुला मॉडेलचं नाव उपयोगी पडणार नाही.

तुझ्या जुन्या गाडीसारखीच, त्याच रंगाची शोधतोस हे मला ताईकडून कळलं. तो मोह सोड. ती गेली. तशीच दुसरी आणलीस तर रोज तिची चूक काढत बसशील.

गाडीपेक्षा तिचा मालक बघ. घरी जाऊन बघ. अंगणात गाडी कशी लावतो, सर्व्हिसच्या पावत्या ठेवल्यात की नाही, किती वर्षांत कितवा मालक. मीटर मागे फिरवता येतं, पण ब्रेकच्या पायपट्टीचं झिजलेलं रबर आणि चालकाच्या सीटची दबलेली कड मागे फिरत नाही. मीटर तीस हजार म्हणत असेल आणि पायपट्टी गुळगुळीत असेल तर पायपट्टीवर विश्वास ठेव. टायरवर चार आकडे असतात: पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन सालाचे. चार टायर चार सालांचे दिसले तर का, ते विचार. विचारल्यावर माणूस काय सांगतो यापेक्षा कसं सांगतो ते बघ.

कागदांचं थोडक्यात. परिवहनच्या अ‍ॅपवर नंबर टाकून बँकेचा बोजा आहे का बघ. असेल तर तो उतरल्याशिवाय पैसे पूर्ण द्यायचे नाहीत. दंडाची थकलेली चलनं विकणाऱ्याकडून भरून घे. फॉर्म २९ आणि ३० वर सह्या तुझ्यासमोर व्हाव्यात. आणि विमा! गाडी तुझ्या नावावर आणि विमा जुन्या मालकाच्या नावावर, असे महिने काढणारे लोक मी पाहिलेत. समोरच्या माणसाच्या नुकसानीचा भाग कायद्याने गाडीबरोबर येतो, पण तुझ्या स्वतःच्या गाडीची भरपाई पॉलिसीवर तुझं नाव चढल्याशिवाय मिळत नाही. १४ दिवसांत विमा कंपनीला कळव. त्याच्या पॉलिसीवर नो क्लेम बोनस असेल तर तो त्याच्याबरोबर जातो, आणि तुझा स्वतःचा या अपघाताच्या क्लेममुळे शून्यावर आला, तेव्हा पहिल्या वर्षी हप्ता जास्त बसेल. तेवढी रक्कम गाडीच्या किमतीतच धर. वर तीस-चाळीस हजार टायर, बॅटरी, पट्टे, तेल यांसाठी बाजूला ठेव. क्लेमचे सगळे पैसे गाडीत घालून टाकी भरायला उसने मागू नकोस.

एक गोष्ट विचारायची होती, फोनवर धीर झाला नाही. तू रात्री गाडी चालवायला घाबरतोस का आता? घाबरत असशील तर ती लाजेची गोष्ट नाही. ८६ साली माझ्यासमोर डेपोतल्या एका चालकाने घाटातल्या अपघातानंतर चार महिने स्टिअरिंग धरलं नाही, आणि पुढे निवृत्तीपर्यंत उत्तम गाडी चालवली. तुला वेळ हवा असेल तर घे. दोन महिने एसटीने ये-जा केलीस तर काही बिघडत नाही. घाईत घेतलेली गाडी भीतीला औषध होत नाही.

रविवारी इसार देऊ नकोस. गाडी खरंच मनात भरली असेल तर मालकाला सांग की पुढच्या रविवारी सकाळी आठला आम्ही येतो, तोवर तिला सेल्फ मारू नका, आम्हाला ती थंड असताना चालू होताना ऐकायची आहे. मी आदल्या शनिवारी दुपारच्या गाडीने अमरावतीला येतो, तू तिथे भेट. बॅटरी आणि लोहचुंबक मी आणतो. तू एक जुनी चादर आण, गाडीखाली अंथरायला. आणि आरसी रद्द केल्याचा कागद बरोबर असू दे, मला तो बघायचा आहे.

तुझा,
मामा