परंपरा होती, योग हरवला

आजचे वाचन: श्रीमद्भगवद्गीता, अध्याय ४, श्लोक १ ते ३



आजच्या श्लोकांत भगवान एक साखळी सांगतात. हा योग मी सूर्याला सांगितला, सूर्याने मनूला, मनूने इक्ष्वाकूला, मग परंपरेने राजर्षींना. आणि लगेच म्हणतात, फार काळ लोटला आणि तो नष्ट झाला. मी इथे दरवेळी थांबते. भगवान कुणा शत्रूचं नाव घेत नाहीत, फक्त काळाचं घेतात.

असं होतं कसं? आपल्या पंढरपूरकडेच बघा ना. चोखोबांना देवळात प्रवेश नव्हता. १३३८ साली मंगळवेढ्याला कोसळलेल्या भिंतीखाली ते गेले, तेव्हा नामदेवांनी त्यांच्या अस्थी आणून महाद्वारासमोर समाधी दिली, असं परंपरा सांगते. नामदेवांनी आपलं माणूस दारापर्यंत आणलं. पुढच्यांनी काय केलं? समाधीला हात जोडले, चोखोबांचे अभंग टाळमृदंगावर गायले, आणि त्यांच्याच लोकांना ६०० वर्षं दाराबाहेर ठेवलं! वारी चालू, एकादशी चालू, काकडा चालू. सगळं जागच्या जागी, आणि आतलं हरवलेलं.

शेवटी १ मे १९४७ ला साने गुरुजी पंढरपुरात तनपुरे महाराजांच्या मठात उपोषणाला बसले. १० मेला मंदिर खुलं करायचं ठरलं, तेव्हाच उपोषण सुटलं.

आता तिसरा श्लोक पुन्हा वाचा. भगवान अर्जुनाला काही नवीन देत नाहीत, तोच जुना योग देतात. का? तर तू माझा भक्त आहेस आणि सखा आहेस म्हणून. गुरुजींनीही नवा देव आणला नाही. जुन्याच देवाचं दार उघडून मागितलं.

म्हणून "संस्था म्हणजे ढोंग" म्हणून उठून जाणं मला पटत नाही. तुसाशिवाय दाणा वाढत नाही. वारी नसती तर चोखोबांचे शब्द आपल्यापर्यंत आलेच नसते. पण पोचट दाण्यालाही तूस असतंच. तो हातात घेऊन दाबूनच बघावा लागतो.

आज एवढंच करूया. स्टेटसला श्लोक ठेवण्याआधी स्वतःला विचारूया: आपल्या सोसायटीतल्या सत्संगात घरकामाच्या मावशी आपल्या शेजारी सतरंजीवर बसतात, की फक्त प्रसादाची भांडी घासायला येतात?

विठ्ठला, आमचा नेम टिकू दे, आणि ज्याच्यासाठी तो नेम आहे तेही टिकू दे.

राम कृष्ण हरी!